मदत हवी आहे : शाळेच्या धबडग्यात प्रार्थना कशी टिकवता?

नमस्कार मंडळी, मी वसईत एका कॅथलिक शाळेत सातवीला गणित शिकवते, स्वतः कॅथलिकच, पण असेंब्लीत प्रार्थना म्हणतानाही डोक्यात तपासायच्या वह्या नि पालकसभाच असते. परवा मधल्या सुट्टीत एक पोरगा रिकामा डबा झाकणाआड धरून जेवल्यासारखं करत होता, मी त्याला माझी अर्धी चपाती भाजी दिली आणि तेव्हा जे आत हललं ना ते कित्येक महिन्यांत मिस्सालाही (चर्चमधल्या रविवारच्या उपासनेलाही) हललं नव्हतं. संत इग्नेशियसचं एक्झामेन, म्हणजे रात्री दिवस आठवून देव कुठे भेटला ते बघायचं, ते सुरू केलंय पण पाचव्या मिनिटाला डोळे मिटतात. तुमच्यापैकी कोणी शिक्षक हे करतं का, नेमकं कधी? आणि मे महिन्यात मौन रिट्रीटला, म्हणजे काही दिवस गप्प राहून प्रार्थना करायच्या शिबिराला, जावं का? प्लीज सांगा.