मदत हवी आहे: ३३०एलआय, सी ३०० की ए४? शनिवारपर्यंत ठरवायचंय (इंदूर)

पीथमपूर_अपडाउन · मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. सरळ मुद्द्यावर येतो. बीएमडब्ल्यू ३३०एलआय एम स्पोर्ट, मर्सिडीज सी ३०० आणि ऑडी ए४, तिन्ही बघून झाल्या. तिन्हीकडून रोज फोन येतायत आणि प्रत्येकाची ऑफर "फक्त शनिवारपर्यंत" आहे. चालवायला मजा आली पाहिजे ही पहिली अट. सात वर्षं स्कोडा ऑक्टाव्हिया चालवली, आता खाली यायचं नाहीये. बजेट ६५ लाख. व्हिडिओ सगळे पाहून झालेत, कृपया लिंका देऊ नका. एकच नाव सांगा आणि का, ते सांगा.

टॉर्क_पाहिजे · मंगळवार, रात्री ११:५८

३३०एलआय. डोळे मिटून.

कागदावर ही आणि सी ३०० सारख्याच आहेत: दोन लिटर टर्बो पेट्रोल, २५८ हॉर्सपॉवर, ४०० न्यूटन-मीटर. शून्य ते शंभर सी ३०० ला ६ सेकंद, हिला ६.२. पण तुम्हाला शर्यत लावायची नाही, गाडी चालवायची आहे. वळणात स्टिअरिंग हातात काय सांगतं ते बघा. बीएमडब्ल्यूचा आठ गिअरचा झेडएफ गिअरबॉक्स मन वाचतो, मर्कचा नऊ गिअरचा जोरात दाबल्यावर क्षणभर विचार करतो. ए४ चांगली आहे, पण २०४ हॉर्सपॉवर, पुढच्या चाकांवर चालणारी, शंभरला सात सेकंदांहून जास्त. मजा ही पहिली अट असेल तर ती यादीत का आहे हेच कळलं नाही.

रामबागकर · बुधवार, सकाळी ७:१५

६५ म्हणजे एक्स-शोरूम (नुसती गाडी) की ऑन-रोड (टॅक्स, विमा सगळं धरून)? गाडी तुम्ही चालवणार की ड्रायव्हर? मागे कोण बसतं? रोज किती किलोमीटर? नवीनच हवी का? एवढं कळल्याशिवाय नाव सांगणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

पीथमपूर_अपडाउन · बुधवार, सकाळी ८:०५

ऑन-रोड, अर्थातच. मीच चालवतो. राजेंद्र नगर ते पीथमपूर रोज, आणि महिन्यातून दोनदा वडोदरा. नवीनच. रामबागकर, एवढं पुरे आहे ना? आता नाव सांगा.

दांडियाबाजार · बुधवार, सकाळी ९:३०

महिन्यातून दोनदा वडोद्याला येताच, तर गाडी इथूनच घ्या की. आमच्याकडे रोड टॅक्स ६ टक्के आहे. माझ्या चुलतभावाने घेतलीय, जीजे ०६ नंबर, राहतो रतलामला. शिवाय इथे आलात की अहमदाबादचा ९३ किलोमीटरचा एक्स्प्रेसवे आहे, तिथे अशा गाडीचं चीज होतं.

हिशेबनीस · बुधवार, सकाळी १०:१०

दांडियाबाजार, असा सल्ला देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या ४७व्या कलमानुसार दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर इथे पुन्हा नोंदणी करावी लागते, आणि इथला टॅक्स भरावाच लागतो. गुजरातचा परत मिळवायला चकरा माराव्या लागतात त्या वेगळ्या.

धागाकर्त्यांसाठी: गाडी फर्मच्या नावावर घेणार असाल तर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो. जीएसटीचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) मात्र मिळत नाही, शोरूमचा माणूस मिळतं म्हणाला तरी. १० लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, विकणारा घेतो, तो आयकरात वळता होतो. तेव्हा कोटेशनमध्ये तो आकडा बघून घाबरू नका.

पीथमपूर_अपडाउन · बुधवार, सकाळी १०:२२

फर्मच्या नावावर नाही घेत. मी गाडी विचारली होती.

लष्करकर · बुधवार, दुपारी १२:४५

मी ग्वाल्हेरहून लिहितोय. तुमचं घोडं गाडीपाशी अडलेलं नाही, हिशेबापाशी अडलंय. मध्य प्रदेशात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १४ टक्के रोड टॅक्स. एक्स-शोरूम ६० धरा, ८ लाख ४० हजार तिथेच गेले. वर विमा, वर टीसीएस. ऑन-रोड ७० ओलांडतेच. म्हणजे ६५ मध्ये ३३०एलआय नाही आणि सी ३०० तर नाहीच.

आता उपाय. आमच्या ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट मिळते. १९०५ मध्ये माधवराव शिंद्यांनी हा मेळा सुरू केला, आणि आता पौष-माघात लोक गुरं बघायला नाही, मर्सिडीज बघायला येतात. आमचा मेळा उठला, पण उज्जैनला २०२४ पासून विक्रम व्यापार मेळा भरतो, तिथेही तीच सूट दिलेली आहे. तुमच्यापासून तासाभरावर. मेळा चालू आहे तोवर नोंदणी झाली पाहिजे, म्हणजे टोकन नाही, गाडी चासी नंबरासकट हातात पाहिजे. ४ लाख २० हजार वाचतील. आधी हे करा, मग स्टिअरिंगचं बोलू.

पीथमपूर_अपडाउन · बुधवार, दुपारी १:३०

उज्जैनचं माहीत आहे. शोरूमवाल्यानेही सांगितलं. पण मग नंबर एमपी १३ येतो आणि बाबा म्हणतात एमपी ०९ शिवाय गाडी दारात उभी करायची नाही. चाळीस वर्षं त्यांच्या प्रत्येक गाडीला इंदूरचा नंबर आहे. तो विषय बंद आहे.

रामबागकर · बुधवार, दुपारी १:४१

बाबा? ते कुठे बसतात?

पीथमपूर_अपडाउन · बुधवार, दुपारी २:०५

मागे, डावीकडे. वय ७४. दोन्ही गुडघे बदललेत गेल्या वर्षी. आठवड्यातून दोनदा फिजिओ, गुरुवारी खजराना गणपती, आणि वडोदऱ्याला माझ्याबरोबर येतात, तिथे ताई असते. पण गाडी मी चालवणार आहे, म्हणून लिहिलं नव्हतं.

रामबागकर · बुधवार, दुपारी २:२०

अहो, हेच तर पहिल्या ओळीत यायला हवं होतं.

मालविका_५१ · बुधवार, दुपारी ३:५०

माझ्याकडे दोन वर्षांपासून हीच ३३०एलआय, म्हणजे ३ सिरीजची लांब गाडी आहे. सासूबाई ७८ वर्षांच्या, संधिवात. अनुभव सांगते.

बसल्यावर त्या सुखात असतात. चाकांमधलं अंतर २९६१ मिलिमीटर आहे, साध्या ३ सिरीजपेक्षा ११० ने जास्त, आणि ते सगळं मागच्या पायांना मिळालंय. दारही लांब आहे, पाय आत घेताना अडत नाही. सी-क्लास २८६५ आहे. पण उतरताना! सीट खाली आहे. गुडघे कंबरेपेक्षा वर येतात आणि मग उठायला त्राण लागतं. मला दर वेळी उतरून, मागे जाऊन, हात द्यावा लागायचा. भर पलासियाला मागून हॉर्न वाजत असताना. लांबी वाढली म्हणून उंची वाढत नाही, हे मला गाडी घेतल्यावर कळलं. तिन्ही गाड्यांत हीच अडचण येणार.

शांतपणे_जा · बुधवार, सायंकाळी ५:१०

मग टोयोटा कॅम्री. २.५ लिटर हायब्रिड, २३० हॉर्सपॉवर, मागची सीट म्हणजे दिवाणखाना, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ४८ लाखांना आली. तुमचे दहा-बारा लाख वाचतील. या वयात वडिलांचा आराम बघायचा की वळणं?

टॉर्क_पाहिजे · बुधवार, सायंकाळी ५:२५

त्यांची पहिली अट वाचा. कॅम्री उत्तम गाडी आहे, पण सीव्हीटीला (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिकला) दाबलं की इंजिन ओरडतं आणि गाडी सावकाश येते. ऑक्टाव्हिया सोडून येणारा माणूस सहा महिन्यांत कंटाळेल.

खरं तर ७० च्या पुढे जायची तयारी असेल तर ३ सिरीजचीच एम३४०आय घ्या. सहा सिलिंडर, ३७४ हॉर्सपॉवर, ४.४ सेकंद, चारही चाकांना ताकद. आणि तीही चेन्नईतच जोडलेली, म्हणून त्या मानाने स्वस्त.

शांतपणे_जा · बुधवार, सायंकाळी ५:३१

७४ वर्षांच्या माणसाला ४.४ सेकंद? ती तर साध्या लांबीची आहे, मागे अजूनच अडचण. जरा विचार करून लिहा.

विद्युतगती · बुधवार, सायंकाळी ६:४०

कोणीच बीवायडी सील या इलेक्ट्रिक गाडीचं नाव घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतं. ५३० हॉर्सपॉवर, ३.८ सेकंद, मार्च २०२४ मध्ये आली तेव्हा ५३ लाख. वर ज्या गाड्यांवर भांडताय त्या सगळ्या हिच्या मागे. रोज पीथमपूर म्हणजे घरच्या चार्जरवर भागतं.

मालविका_५१ · बुधवार, सायंकाळी ७:०२

सीलमध्ये मागे बसून पाहिलंत का? बॅटरी पायाखाली, त्यामुळे फरशी वर आणि मांड्यांना आधार नाही. गुडघे बदललेल्या माणसासाठी ती शेवटची निवड असेल.

घाटरस्ता · बुधवार, रात्री ९:२०

अवांतर: पीथमपूरला रोज जाता तर नॅट्रॅक्स तुमच्या शेजारीच. गाड्यांच्या चाचणीचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक, २०२१ मध्ये सुरू झाला. आपल्या इंदुराजवळ असं काही आहे याचा मला फार अभिमान वाटतो. बाहेरून भिंतच दिसते, तरी मी दोनदा जाऊन आलो.

अवांतर नाही ते: कुठल्याही निवडीआधी टायर बघा. माझ्याकडे जुनी जर्मन सेदान होती, कंपनी सांगत नाही. पावसाळ्यात बायपासवर खड्ड्यात टायर फाटला. रनफ्लॅट होता, हवा गेली तरी ८० च्या वेगाने साधारण ८० किलोमीटर नेतो, तो भाग खरा. घरी पोहोचलो. पण पंक्चरवाला हात लावेना, आणि त्या मापाचा टायर मिळायला नऊ दिवस. नऊ दिवस गाडी दारात उभी. टेस्ट ड्राइव्हला गेलात की डिकी उघडून स्टेपनी आहे का आणि असेल तर सामानाला किती जागा उरते ते बघा. विम्यात टायर कव्हर घ्याच.

जुनं_ते_सोनं · बुधवार, रात्री १०:०५

ए४ ला सगळ्यांनी लगेच उडवून लावलं. एक गोष्ट सांगतो, एसीची बटणं. ए४ मध्ये खरीखुरी आहेत, रस्त्यावरची नजर न हलवता बोटाने फिरवता येतात. मर्कमध्ये ११.९ इंचांचा उभा पडदा, बीएमडब्ल्यूनेही फेसलिफ्टमध्ये बटणं काढून पडद्यात टाकली. आणि शहरात ए४ इतकी मऊ, शांत गाडी या तिघींत नाही.

टॉर्क_पाहिजे · बुधवार, रात्री १०:१८

बटणांचं शंभर टक्के पटलं. पण ए४ हे नावच जगात संपलंय, २०२४ मध्ये नव्या ए५ ने जागा घेतली. पाच वर्षांनी विकायला काढाल तेव्हा?

जुनं_ते_सोनं · बुधवार, रात्री १०:२४

३ सिरीजची ही पिढी २०१८ ची आहे. तीही नवरी नाही.

मालविका_५१ · बुधवार, रात्री १०:५०

धागाकर्ते, एक विचारू? वडील मागेच का बसतात? पुढची सीट बटणाने वर उचलता येते, मागे सरकवता येते. मागची यातलं काहीच करत नाही. आमच्याकडे सासूबाईंना पुढे बसायला सांगायचं कुणाला सुचलंच नाही, कारण मोठी माणसं मागे बसतात ही सवय. आता दोन महिने त्या पुढे बसतात. सीट पूर्ण वर घेऊन ठेवते, त्या बाजूला वळून पाय खाली सोडतात आणि स्वतः उठतात.

पीथमपूर_अपडाउन · गुरुवार, सकाळी ७:४०

हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. ड्रायव्हर होता तेव्हापासून ते मागे बसतात, तो गेला २०१६ मध्ये, जागा तीच राहिली. आज खजरान्याहून येताना त्यांना घेऊन तिन्हीकडे जातो.

लष्करकर · गुरुवार, सकाळी ८:१०

वडील पुढे बसणार असतील तर लांब गाडीचे पैसे कशाला? सी २०० बघा. २०४ हॉर्सपॉवर, दीड लिटर, बजेटच्या जवळ.

टॉर्क_पाहिजे · गुरुवार, सकाळी ८:१५

आणि शंभरला ७.३ सेकंद. पहिली अट! पहिली अट!

पीथमपूर_अपडाउन · शुक्रवार, रात्री ९:५५

मंडळी, झालं ते सगळं लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात.

काल बाबांना तिन्ही गाड्यांत आधी मागे, मग पुढे बसवलं. मागून उतरताना तिन्हीकडे माझा हात धरावा लागला. पुढे, सीट पूर्ण वर घेतल्यावर, ३३०एलआय आणि सी ३०० मधून ते स्वतः उठले. ए४ मध्येही उठले, पण दाराच्या चौकटीला डोकं टेकत होतं, बाबा उंच आहेत. ए४ तिथेच मागे पडली.

मग दोन्ही गाड्या राऊच्या पुढे महूपर्यंत चालवल्या, बाबा शेजारी. शोरूमच्या फेरीत पंधरा मिनिटं दिली होती, आम्ही प्रत्येकी तासभर घेतला, भांडून. सी ३०० जास्त श्रीमंत वाटते, आतून तर फारच. खराब पॅचवर मात्र मागचा भाग जरा उसळतो. ३३०एलआय वळणात जशी बसते ना, टॉर्क_पाहिजे, तुम्ही म्हणालात ते अगदी तसंच आहे. बाबा तिसऱ्या वळणानंतर म्हणाले, "ही रस्ता धरते." त्यांनी आयुष्यभर फियाट आणि ॲम्बेसेडर चालवली, त्यांना कळतं.

पैशांचं: लष्करकरांचा हिशेब मी कागदावर लिहून जेवताना पुढे ठेवला. ८ लाख ४० हजार आणि खाली ४ लाख २० हजार. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "एमपी १३ म्हणजे उज्जैनच ना? महाकालाच्या गावचा नंबर आहे, त्याला नाही कसं म्हणू." विषय संपला. तरी ६५ च्या दोनेक लाख वर जातंय. गेल्या वर्षी बनलेली एक गाडी स्टॉकमध्ये आहे, तिच्यावर सूट देतायत. महिना-वर्ष लेखी घेतलंय. रंग पांढरा, मला निळा हवा होता, राहू दे.

उद्या टोकन नाही, उद्या सरळ उज्जैन. डिकीत स्टेपनी बघितली, टायर कव्हर घेतोय.

एकच राहिलं: एमपी १३ मध्ये आवडीचा नंबर घ्यायला किती दिवस आधी अर्ज करावा लागतो? कुणी केलाय का? बाबांना ०००७ नको, त्यांना त्यांच्या पहिल्या फियाटचा नंबर हवाय.

रामबागकर · शुक्रवार, रात्री १०:१२

अभिनंदन. कुठला होता फियाटचा?