नव्यासारखी केलेली ‘ओरिजिनल’ दुनळी

कृष्णाकाठ

‘जहागीरदार’ यांनी परवा इथे, आपल्या बंदुकांच्या फोरमवर, विक्रीची जाहिरात टाकली. पणजोबांची घोडेवाली (बाहेर हातोडे असलेली) दुनळी बंदूक, बाराबोअर, डमास्कस नळ्या, ‘शंभर टक्के ओरिजिनल वेस्टली रिचर्ड्स’. नळ्यांना नुकतंच काळं ब्लूइंग (पोलादाला काळपट-निळा रंग चढवणं) करून, दस्ता पॉलिश करून, नक्षी ‘उजळून’ घेतलीय म्हणे. विलायतेतल्या लिलावांचा दाखला देऊन किंमत आठ लाख, घासाघीस नको. खाली सगळ्यांचं ‘काय ठेवा आहे!’ चालू. मी गप्प बसणार होतो, पण ओळखीतल्या एका पोराने विचारलं, ‘काका, घेऊ का?’ म्हणून हे लिहिणं आलं.

फोटो मोठे करून बघा. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ आहे. वेस्टली कुठेही नाही. नळ्यांच्या पोटाशी अंडाकृती चौकटीत ‘ईएलजी’, वर मुकुट. हा बेल्जियमच्या लीएज प्रूफ हाऊसचा, म्हणजे नळ्या बार करून तपासणाऱ्या संस्थेचा शिक्का, आणि त्यावर मुकुट आला १८९३ पासून. वेस्टली रिचर्ड्स ही कंपनी इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमची. तिथला माल १९०४ आधीचा असेल तर मुकुट, एकमेकांना छेदणारे दोन राजदंड आणि बीपीसी अक्षरं दिसतात. नंतरचा असेल तर मुकुटाखाली बीपी, बीव्ही आणि नायट्रो (बिनधुराच्या दारूच्या) बारासाठी तपासला असेल तर एनपी. बेल्जियमवाल्यांनी इंग्रजी नावांशी जुळणारी नावं ठोकून त्या काळी ढिगाने माल विकला. पट्टीवरचं नाव कुणीही कोरतं. खोटं शोधायचं तर नळ्या उतरवून खाली बघावं लागतं.

आता ‘नव्यासारखी’. डमास्कस म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, जोडून केलेली नळी. तिला मुळात तपकिरी रंग देतात, त्यातूनच ती लाटांची वेलबुट्टी दिसते. कुणी शहाण्याने ती आजच्या गरम ब्लूइंगच्या टाकीत बुडवली असेल तर वेलबुट्टी तर गेलीच, वर तो क्षार नळ्या आणि पट्टी जोडणारं कथलाचं डाख खातो. नळ्या आकड्याला टांगून टिचकी मारा. घंटेसारखा नाद आला तर ठीक. ‘बद्द’ वाजलं तर पट्टी कुठेतरी सुटलीय. आणि ‘उजळलेली’ नक्षी म्हणजे बफ मारून निम्मी पुसलेली नक्षी. कडा गोल झाल्यात, फोटोतही कळतं.

ब्लूइंग, पॉलिश, उजळणी, या तीन गोष्टींनी किंमत वाढत नाही, उतरते. जशी होती तशी, गंजाच्या डागासकट विकली असती तर मी बोललो नसतो.

जहागीरदार

आमच्या घराण्याबद्दल इतका अभ्यास केल्याबद्दल आभार. पणजोबांनी ती संस्थानच्या काळात रोख मोजून घेतलीय, बेल्जियमची आणायला ते काही भंगारवाले नव्हते. परवान्यावर १९५० पासून ‘रिचर्ड्स, इंग्लंड’ अशीच नोंद आहे. सरकारी कागद खोटा आणि तुमचं झूम केलेलं चित्र खरं? स्वतः किती बंदुका विकल्यात ते एकदा सांगा.

कृष्णाकाठ

परवान्यावर कारकुनाने पट्टीवर दिसलं ते लिहिलं. त्याने नळ्या उतरवून बघितल्या असतील असं वाटतं का तुम्हाला?

बाराबोअर_सातारा

अण्णा, शिक्क्यांचं सगळं मान्य. पण तुम्ही धडा विलायतेतल्या संग्राहकाचा वाचताय आणि गिऱ्हाईक आहे आपल्या तालुक्याचं. खासगी आयात १९८० च्या दशकात बंद झाली, तेव्हापासून बाहेरच्या जुन्या बंदुकीला जो भाव आहे तो टंचाईचा आहे. घेणारा बघतो काय? इंग्रजी नाव, घट्ट बसलेल्या नळ्या, चकचकीत दस्ता, आणि परवान्यावर चढेल की नाही. वेलबुट्टी पुसली म्हणून सौदा मोडलेला मी तरी पाहिला नाही. उलट गंजकी, तपकिरी बंदूक दाखवली की ‘ही काय चुलीतनं काढली का’ विचारतात. माझ्या मामांनी एका नामांकित कंपनीची मूळ अवस्थेतली दुनळी विकायला काढली, वर्षभर कुणी विचारेना. दस्ता पॉलिश केला, पंधरवड्यात गेली. आता सांगा ओरिजिनल कशाला म्हणायचं.

कृष्णाकाठ

मामांनी दस्ता पॉलिश केला, नाव बदललं नाही. तेवढा फरक तुम्हालाही कळतो.

आणि विलायतेतला भाव मी नाही, जहागीरदारांनी काढला. तो इथे लागूच नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांपुढची वस्तू बसली तर खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि त्याहून नवी असली तरी हत्यार निर्यातीला परवाना लागतो. म्हणजे तो गिऱ्हाईक आपल्या दारात येऊच शकत नाही. त्याचे पौंड आपल्या रुपयात गुणून काय उपयोग?

मलबार_हिल_माजी

नावाचं म्हणाल तर आमच्याकडे ‘मँटन, कलकत्ता’ आहे. जोसेफ ऊर्फ ‘जो’ मँटन म्हणजे बंदूककारांचा बाप. तिची किंमत कशी काढायची?

कृष्णाकाठ

जोसेफ मँटन लंडनचा, वारला १८३५ साली. तुमची मागून काडतूस घालायची आहे ना? मग त्याचा हात लागलेला असणं शक्य नाही. कलकत्त्याची मँटन अँड कंपनी हे दुकान होतं, बर्मिंगहॅमहून माल आणून आपलं नाव घालायचं. म्हणून वाईट अजिबात नाही. मुंबईत काळ्या घोड्याला ज्यांची इमारत अजून उभी आहे त्या आर्मी अँड नेव्ही या दुकानाच्या नावाच्या बंदुका बघा, कित्येक वेब्ली या बंदूक कंपनीने करून दिलेल्या, कामाला चोख. मी तर उलट सांगेन, दुकानाचं नाव असलेली घ्या, बापाच्या नावाचे पैसे वाचतात.

तळकोकणातला

नाव, नक्षी, वेलबुट्टी. इथे रानडुकरं भात लोळवून जातात आणि माकडं नारळ ठेवत नाहीत. माझी दुनळी शेतीसंरक्षणाची, तिचं ओरिजिनल मी बघत बसू? आणि मूळपणाचा खरा शत्रू कोण माहितीय? निवडणूक! २०२४ साली लोकसभेला बंदूक पोलिसांकडे जमा, विधानसभेला पुन्हा जमा. ठाण्यातल्या कोंदट खोलीत, गोणपाटावर, एकावर एक रचून. परत आली तेव्हा नळीत गंजाचे खड्डे आणि दस्त्यावर खडूने नंबर.

बाराबोअर_सातारा

+१. आमच्याकडे तर सुतळीने चिठ्ठी चापालाच बांधली होती.

निवृत्त_नाझर

सरसकट जमा करायची गरजच नाही. मुंबई हायकोर्टाने २००९ साली सांगितलंय की परवानाधारकांच्या छाननी समितीने माणूस बघून ठरवावं: गुन्हा दाखल आहे का, जामिनावर आहे का, आधी दंगलीत नाव होतं का. तुम्ही अर्ज करत नाही आणि मग गंजाच्या नावाने रडता.

तळकोकणातला

साहेब, तुम्ही टेबलाच्या पलीकडे होता म्हणून सोपं वाटतं. अर्ज घेऊन गेलो तर हवालदार म्हणाला, ‘तुम्हालाच काय सोनं लागलंय का?’ गावात सगळ्यांनी जमा केली आणि मी एकट्याने ठेवली तर उद्या कुठे बार वाजला की पहिला मी.

निवृत्त_नाझर

टेबलाच्या पलीकडे होतो म्हणूनच सांगतोय. लेखी अर्ज नाकारायला कारण लिहावं लागतं, तोंडी माणसाला हाकलायला लागत नाही. मी नोकरीत असताना असे अर्ज मंजूर झालेले बघितलेत.

जहागीरदार

वा! माझ्या जाहिरातीचा कीस पाडून झाला, आता निवडणूक आयोग. चालू द्या.

सुनंदा_प

थोडं वेगळं लिहिते. आमच्या ह्यांच्या नावावर तीन हत्यारं होती. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने तीनाची दोन झाली, जादाचं वर्षात जमा करा म्हणाले. त्याच काळात हे गेले. मला नळी आणि दस्ता यापलीकडे काही कळत नव्हतं. एका डीलरकडे दुनळी ठेवली. तो म्हणाला, नळ्या ढिल्या आहेत, दस्ता मूळचा नाही, मी म्हणून घेतोय. त्याने सांगितली त्या किमतीला दिली. पुढे भाच्याला त्याच दुकानात तीच बंदूक दिसली, नंबर आमचाच, आणि चिठ्ठीवर ‘ऑल ओरिजिनल’. किंमत विचारू नका. तेव्हा ‘मूळ’ काय आणि ‘ढिलं’ काय, हे विकणारा कोण आणि घेणारा कोण यावर ठरतं असं माझं मत झालंय. तुम्ही शिक्क्यांवरून भांडा खुशाल.

बाराबोअर_सातारा

ताई, हेच मी अण्णांना मघापासून सांगतोय.

कृष्णाकाठ

नाही, ताईंची गोष्ट माझी बाजू आहे. मोजता आलं असतं तर डीलरची हिंमत झाली नसती. नळ्या, ॲक्शन (नळ्या बसतात तो मधला भाग) आणि पुढचं लाकूड, तिन्हीवर एकच नंबर आहे का? पुढचं लाकूड काढून बंदूक हलवली तर नळ्या खुळखुळतात का? आणि बर्मिंगहॅमची असेल तर बोअरचा, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचा शिक्का. ‘१३/१’ ठोकलं असेल तर प्रूफच्या वेळी बोअर ०.७१९ इंच होता. आज गेज (मोजायचं साधन) ०.७३० दाखवत असेल तर गंज काढायला कुणीतरी आतून घासलीय, भिंत पातळ झालीय आणि इंग्लंडच्या नियमाने ते जुनं प्रूफ गेलं. चेंबर (काडतूस बसतं ती जागा) अडीच इंची असेल तर हल्लीचं ७० मि.मी. काडतूस आत बसतं खरं, पण ती लांबी बार उडाल्यानंतरची असते. ते उघडायला पुढे जागा नसते, दाब वाढतो. जुन्या डमास्कसमध्ये, एनपी शिक्का नसताना, हा खेळ कुणी करू नये. यात मताचा काय संबंध?

बाराबोअर_सातारा

भिंतीची जाडी मोजायचं गेज आपल्या जिल्ह्यात कुणाकडे आहे ते सांगा, मी पाया पडायला येतो. नाहीतर हे सगळं पुस्तकात ठेवा. तरी सुरक्षेचा मुद्दा सोडून देतो तुम्हाला. पॉलिशचा सोडणार नाही.

कृष्णाकाठ

मिळाला तो मुद्दा, उपकार झाले. गेज माझ्याकडे आहे. नारळ घेऊन या.

जहागीरदार

काल नळ्या टांगून वाजवल्या. कसा आवाज आला ते इथे सांगणार नाही, लोकांना चघळायला मिळेल. जाहिरातीतून ‘वेस्टली’ काढलंय, कारण पट्टीवर जे आहे तेच लिहावं हे मला आधीपासून मान्य होतं. आकडाही बदललाय. आणि घेणाऱ्याचं नाव ठरलं की शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे पोलिसांना लेखी कळवून ४५ दिवस थांबणार, म्हणजे तेवढ्यात कृष्णाकाठ येऊन गिऱ्हाईकही फोडू शकतील.

कृष्णाकाठ

आधीपासून मान्य! बरं. त्या पोराला मी नको सांगितलंय, बाकी गिऱ्हाईकं तुमची.

तळकोकणातला

नाझरसाहेब, ते छाननी समितीचं राहिलं. जिल्हा परिषदेला पुन्हा नोटीस येणारच. अर्ज ठाण्यात द्यायचा की कलेक्टर ऑफिसला?

निवृत्त_नाझर

दोन्हीकडे. पिकाच्या नुकसानीचे वनखात्याचे पंचनामे जोडा. आणि पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हात काढू नका.

तळकोकणातला

पंचनामा करायला वनखात्याचा माणूस यायला हवा ना, तिथेच तर सगळं अडलंय...