मदत हवी आहे: फिफ्थ व्हील ओढायला मागे सिंगल टायरचा पिकअप पुरेल की डबल टायरचाच घ्यावा?

नमस्कार मंडळी. इथे अमेरिकेत ट्रेलर घेऊन फिरणारं कुणी असेल तर सल्ला हवाय.

फिफ्थ व्हील ट्रेलर (राहायची सोय असलेला, पुढचं टोक पिकअपच्या हौद्यात टेकणारा) पसंत केलाय. भरल्यावरची कमाल मर्यादा १४,००० पौंड. ओढायला एक-टनी डिझेल क्रू कॅब (चार दारांचा पिकअप) घ्यायचा, इथवर घरात एकमत आहे. (एक टन हे नावालाच, प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त पेलतात.) एफ-३५०, रॅम ३५०० आणि सिल्व्हराडो ३५०० तिन्ही सिंगलमध्येही मिळतात आणि ड्युअलीतही (मागे दोन्ही बाजूंना टायरची जोडी), आणि तिथेच घोडं पेंड खातंय.

माझा कल सिंगलकडे आहे. वर्षातले जेमतेम चाळीस दिवस ट्रेलर जोडणार, बाकी रोज ऑफिस. ड्युअली मागून जवळजवळ आठ फूट रुंद. पार्किंगमध्ये दोन रेघांच्या आत बसणं मुश्कील, ऑटोमॅटिक कार वॉशमध्ये बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, टायर बदलायचे तर सहा. शिवाय ब्रोशरमध्ये सिंगलचाही टोइंगचा आकडा माझ्या ट्रेलरच्या बराच वर आहे. सेल्समनही म्हणाला, "आरामात ओढेल." मग डबल टायर हवेत कशाला? माझं काही चुकतंय का?

प्रतिसाद:
चुकतंय. ओढेल हो, ओढण्याचा प्रश्नच नाहीये. प्रश्न पाठीवर किती घेईल हा आहे. फिफ्थ व्हीलचं साधारण १५ ते २५ टक्के वजन पिनवरून (ट्रेलरच्या पुढच्या टोकाखालची खुंटी) थेट तुमच्या मागच्या एक्सलवर येतं. २० टक्के धरा: २,८०० पौंड. हिच (हौद्यातला, पिन अडकवायचा जोड) २०० च्या आसपास. घरचे चौघे ६००. जनरेटर, हत्यारं, कुत्रा वगैरे २५०. झाले ३,८५०.

आता ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते छापलेलं असतं. तो आकडा त्या एका गाडीचा असतो, मॉडेलचा नाही. जड डिझेल इंजिन, फोर बाय फोर, सनरूफ, सगळं त्यातून आधीच वजा झालेलं असतं. ब्रोशर विसरा, स्टिकर वाचून या.

आणि कुणी "एअरबॅग टाकून घ्या" (मागच्या सस्पेन्शनला लावायच्या हवेच्या पिशव्या) म्हणालं तर ऐकू नका. गाडीची मागची बाजू बसायची थांबेल, पण स्टिकरवरचा आकडा एका पौंडानेही वाढत नाही.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत. टायरचा हिशोबही बघा. सिंगलवर सर्रास दिसणारा २७५/७० आर १८ ई मापाचा टायर एकेक ३,६४० पौंड पेलतो, म्हणजे दोन मिळून ७,२८०. रिकाम्या गाडीचा मागच्या एक्सलवरचा भारही त्यातच आला. ड्युअलीवरचा २३५/८० आर १७ एकटा असेल तर ३,०८५, जोडीत बसला की २,८३५ च धरतात, कारण दोघांवर भार कधीच अगदी सारखा पडत नाही. तरी चार मिळून ११,३४०.

माझ्यासाठी मात्र आकड्यांपेक्षा वारा महत्त्वाचा. वायोमिंगमध्ये आय-८० महामार्गावर आडवा वारा सुटला की सिंगलमध्ये स्टिअरिंग घट्ट धरून खांदे भरून यायचे. ड्युअली घेतल्यापासून कॉफी पीत चालवतो. (बायको वाचत असेल तर: नाही पीत.) एकदा मागचा बाहेरचा टायर फुटला, तेव्हा गाडी सरळ राहिली आणि सावकाश कडेला घेता आली.

प्रतिसाद:
दुसरी बाजूही सांगतो. बर्फात रिकामी ड्युअली म्हणजे डोक्याला ताप. तेवढंच वजन चार टायरांवर वाटलं जातं, त्यामुळे पकड बसत नाही. दोन टायरांच्या मध्ये दगड अडकतो, तो वेळीच काढला नाही तर टायर कापतो. स्टेपनी आतल्या चाकाला लावायची तर आधी बाहेरचं काढा.

पिकअप रोज वापरणार असाल तर ट्रेलरच लहान घ्या ना. १०,००० पौंडांच्या आतला असेल तर पिनवर २,००० च्या आसपास येईल, सिंगल मजेत नेईल. पिकअप आधी ठरवून ट्रेलर शोधणारे कमी पस्तावतात.

धागाकर्ता:
सर्वांचे आभार. आज स्टिकर वाचून आलो. मी पसंत केलेल्या सिंगलवर ३,४१२! म्हणजे पहिल्या प्रतिसादाच्या हिशोबाने कुत्रा घरी ठेवला तरी भागणार नाही. सेल्समनला दाखवलं तर म्हणाला, सगळेच थोडं जास्त टाकतात.

लहान ट्रेलरचं घरी काढून पाहिलं. मुलांच्या बंक बेडवरून प्रस्ताव फेटाळला गेला. त्यामुळे ड्युअलीच, आणि ऑफिसला जुनी कार. आता एवढंच सांगा: आतल्या टायरची हवा तपासायला व्हॉल्व्हला एक्स्टेन्शन लावता, की दर वेळी आत हात घालून हात काळे करता?