दारूबंदीवाली मंडळी आणि ४४ टक्क्यांचं टॉनिक

काचबाटली

विषय १८७० ते १९१० मधल्या ओहायो, पेनसिल्व्हेनिया आणि सीमेपलीकडच्या ओंटारिओतल्या छोट्या गावांचा आहे. प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) चर्च, एक डॉक्टर, एक औषधदुकान, एक साप्ताहिक एवढाच पसारा.

या लोकांचा दारूला विरोध पक्का. डिसेंबर १८७३ मध्ये हिल्सबरोच्या (ओहायो) बायका प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये जमल्या, प्रार्थना केली आणि तिथून गुत्त्यांवर मोर्चा नेला. पुढच्याच वर्षी बायकांची दारूबंदी संघटना उभी राहिली. पुढे कित्येक मंडळ्यांनी प्रभुभोजनातला द्राक्षारससुद्धा न आंबवलेला हवा असा आग्रह धरला. आणि त्याच घरांच्या फडताळात काय असायचं? मॅसॅच्युसेट्सच्या आरोग्य मंडळाच्या तपासणीतले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खूप गाजलेले आकडे असे: होस्टेटर्स बिटर्स या कडवट टॉनिकमध्ये अल्कोहोल ४४.३ टक्के, पेरुनात २८.५, लिडिया पिंकहॅमच्या व्हेजिटेबल कंपाउंडमध्ये २०.६. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असते. म्हणजे होस्टेटर्स तिच्याहून कडक.

शिवाय चर्चचा निधी ज्या दुकानदारांच्या जाहिरातींवर उभा राहायचा, त्यांत हाच औषधवाला. माझं म्हणणं: हा सरळ दुटप्पीपणा होता आणि पैशाने तो झाकला. बोला.

रोजकीर्द

असहमत. तुम्ही दोन वेगळ्या वह्या एकत्र बांधताय.

प्रेस्बिटेरियन कारभारात पाळक एकटा काही ठरवत नाही. अध्यात्माचं वडीलमंडळ पाहतं, पैशाचं विश्वस्त किंवा व्यवस्थापक पाहतात, आणि वर्षातून एकदा सभासदांच्या सभेत जमाखर्च वाचला जातो. बायकांचं ‘लेडीज एड’ मंडळ याच्या बाहेर. त्यांची खजिनदार वेगळी, वही वेगळी. छपराची गळती, पाळकाच्या घराचा कोळसा, नवा ऑर्गन, पगारातली तूट ही कामं त्यांच्या पदरी.

आता सह्यांची गोधडी घ्या, म्हणजे पैसे देणाऱ्यांची नावं दोऱ्याने भरलेली. समजा ३० चौकोन, चौकोनात १६ नावं. एका नावाचे १० सेंट, म्हणजे ४८० नावांचे ४८ डॉलर हातात, आणि गोधडीचा लिलाव अजून बाकीच. खर्च काय, तर लाल दोरा. कापड, कापूस आणि शिवणकाम देणगीत. यात फसायचं कुठे? दोऱ्यात. पक्क्या ‘टर्की रेड’ ऐवजी स्वस्त लाल दोरा आणला की पहिल्याच धुण्यात रंग पसरतो आणि गावातल्या प्रतिष्ठितांची नावं गुलाबी डागात जातात. दुसरी चूक म्हणजे पैसे हातात यायच्या आधी नाव भरणं. भरलेलं नाव उसवलं तरी सुईची भोकं दिसतात.

या सगळ्यात टॉनिक कुठे आहे? चर्चच्या पाककृती-पुस्तकात जाहिराती असत, मान्य. (डेटनच्या फर्स्ट प्रेस्बिटेरियन चर्चच्या बायकांनी १८७३ मध्येच असं पुस्तक काढलं होतं.) पण अशा पुस्तकांत जाहिराती कुणाच्या? तबेलेवाला, कोळसेवाला, टोप्या करणारी बाई, दंतवैद्य, आणि फर्निचरचं दुकान, जे शवपेट्याही करायचं आणि अंत्यविधीची व्यवस्थाही पाहायचं. मोठ्या टॉनिक कंपन्यांचा पैसा वर्तमानपत्रांत आणि औषधदुकानातून फुकट वाटल्या जाणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या पंचांगांत जात होता.

खलबत्ता

आकडे बरोबर आहेत, त्यावरून काढलेला अर्थ घाईचा आहे.

अल्कोहोल घालण्यामागे कारण होतं. पिंकहॅमच्या कंपाउंडमध्ये ब्लॅक कोहोश, युनिकॉर्न रूट, लाइफ रूट, प्लुरिसी रूट अशा मुळ्या आणि चक्क मेथीदाणे होते. मुळ्यांतले राळेसारखे अंश पाण्यात उतरत नाहीत, अल्कोहोलमध्ये उतरतात. नुसता काढा चार दिवसांत आंबतो. १८-२० टक्के अल्कोहोल असलं की बाटली उघडी राहिली तरी टिकते. डॉक्टरच्या टिंक्चरमध्ये (अल्कोहोलात काढलेल्या अर्कात) तर याहून जास्त अल्कोहोल असायचं, फक्त ते थेंबांनी द्यायचे.

मात्रेचा हिशेब करा. १५ मिलीचा मोठा चमचा, २०.६ टक्के, म्हणजे ३.१ मिली अल्कोहोल. तीन चमच्यांत ९.३ मिली. आपल्या ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये जवळजवळ १३ मिली असतं. मात्रा पाळणारी बाई झिंगत नव्हती. होस्टेटर्सचं मात्र समर्थन करत नाही. त्याचे चार चमचे म्हणजे एक मोठा पेग.

आणि सगळीच टॉनिकं बाटलीतली नव्हती. ओंटारिओतल्या ब्रॉकव्हिलच्या डॉ. विल्यम्स पिंक पिल्स पाहा. जॉर्ज फुलफर्डने १८९० मध्ये त्यांचे हक्क ५३ डॉलर १ सेंटला घेतले आणि जगभर विकल्या. त्यांत मुख्य घटक फेरस सल्फेट, म्हणजे लोह. फिकुटलेल्या, धाप लागणाऱ्या तरुण मुलींना लोहाने खरोखर गुण येतो. लबाडी जाहिरातीत होती: त्याच गोळीने लकवा आणि संधिवात बरा होतो म्हणे.

काचबाटली

@खलबत्ता, लोह चालत होतं तर औषधदुकानात ब्लॉडची गोळी होतीच की! फेरस सल्फेट आणि पोटॅशियम कार्बोनेट, १८३० च्या दशकापासून माहीत असलेली, फॉर्म्युला उघड. मग गुलाबी डबीला ५० सेंट का मोजायचे?

खलबत्ता

कारण ब्लॉडची गोळी नीट बनवणं कटकटीचं होतं. फेरस सल्फेट हवेत उघडं राहिलं की हिरव्याचं तपकिरी होतं, लोहाचं रूप बदलतं आणि गुण कमी. गोळी जुनी झाली की इतकी कडक होते की पोटातून जशीच्या तशी बाहेर पडते. दुकानदाराने आठवड्याला ताजी वळली तर उत्तम. दोन-तीन महिन्यांची बरणीतली दिली तर पैसे पाण्यात. कारखान्यातल्या साखरेच्या लेपाने निदान हवा रोखली जायची. गोळीवर चहा पिण्याची सवय दोन्हींना मारक, कारण चहातलं टॅनिन लोह धरून ठेवतं. स्कॉटिश वंशाच्या प्रेस्बिटेरियन घरात चहा किती, ते वेगळं सांगायला नको.

छापखाना

रोजकीर्द, तुमचा ‘वेगळ्या वह्या’ हा मुद्दा साप्ताहिकापाशी कोसळतो.

या गावांतली बरीच साप्ताहिकं पूर्ण गावात छापली जात नसत. १८६० च्या दशकात विस्कॉन्सिनमधल्या बॅराबूच्या केलॉगने धंदा सुरू केला: चार पानांच्या कागदाची दोन पानं शहरात आधीच छापून पाठवायची, उरलेली दोन गावच्या संपादकाने भरायची. आयत्या पानांवर कथा, शेतीच्या सूचना आणि टॉनिकच्या जाहिराती. गावच्या पानांवर ‘गुरुवारी चर्चच्या आवारात स्ट्रॉबेरी सोशल, २५ सेंट’ (म्हणजे निधीसाठी तिकीट लावून केलेला खाण्यापिण्याचा मेळावा). आयता कागद कोऱ्यापेक्षा फार महाग पडत नसे, कारण फरक टॉनिकवाले भरायचे. म्हणजे चर्चची फुकट छापून येणारी सूचना टॉनिकच्या पैशावर छापली जात होती.

पुढचं याहून वाईट. टॉनिकवाल्यांच्या करारात लाल शाईत कलम असे: तुमच्या राज्यात आमच्या धंद्याविरुद्ध कायदा झाला तर जाहिरातीचा करार रद्द. संपादक आपोआप गप्प. १९०५ मध्ये कोलियर्स साप्ताहिकाने हे उघड केलं. धार्मिक नियतकालिकंही या जाहिरातींपासून दूर नव्हती, आणि पाळकांची प्रशस्तिपत्रं त्यांत फोटोसकट यायची.

त्यात लिडिया पिंकहॅम १८८३ मध्ये वारल्या, तरी ‘मिसेस पिंकहॅमना पत्र लिहा’ ही जाहिरात चालूच. १९०५ मध्ये लेडीज होम जर्नलने त्यांच्या थडग्याच्या दगडाचा फोटोच छापला.

रोजकीर्द

साप्ताहिकाचं मान्य. पण ते संपादकाचं पाप. लेडीज एडने शहरातला करार वाचायला हवा होता का?

आणि ‘बायकांनी डोळे झाकले’ हेही पूर्ण खरं नाही. हिल्सबरोच्या बायका गुत्त्यांआधी औषधदुकानांत गेल्या होत्या! दुकानदारांकडून प्रतिज्ञापत्रावर सही मागितली, आणि एकाने न ऐकता कोर्टातून मनाईहुकूम आणला. दारूबंदी संघटनेत पुढे औषधातल्या दारूसाठी स्वतंत्र विभाग होता आणि त्याच्या प्रमुख मार्था ॲलन पेटंट औषधांविरुद्ध, म्हणजे अशाच गुप्त कृतीच्या तयार औषधांविरुद्ध, वर्षानुवर्षं लढल्या. घरातली विसंगती दाखवणाऱ्या त्याच चळवळीतल्या बायका होत्या.

मोजपट्टी

टॉनिकवर तुम्ही दोघं भांडा. मला निधीचाच हिशेब खटकतो. सोशल आणि जेवणावळीतला ‘नफा’ बहुतांशी भ्रम आहे.

शेतकऱ्याची बायको एक कोंबडी, दोन ॲपल पाय आणि लोण्याचा गोळा देते. मग नवऱ्या-मुलांची तिकिटं काढून तेच खाते. वहीत जमा दिसते ती फक्त तिकिटाची. कोंबडीची किंमत कुठेच नाही. त्या काळातले कित्येक पाळक याच कारणाने अशा कार्यक्रमांविरुद्ध होते: दान द्यायचं तर थेट द्या, जेवण विकत घेऊन नव्हे. शतक बदलता बदलता दुहेरी पाकीट आलं. एका कप्प्यात मंडळीचा खर्च, दुसऱ्यात मिशनचं दान, दर रविवारी. पाऊस पडला तरी पाकीट येतं.

स्ट्रॉबेरी सोशलला तर पावसाआधीच शंभर विघ्नं. दक्षिण ओंटारिओत हंगाम जूनच्या मध्यापासून जेमतेम तीन आठवडे. फळं आधी धुवायची, मग देठ काढायचे. उलट केलं तर फळ पाणी पितं. साखर वाढताना घालायची, सकाळी घातली तर दुपारी सरबत. आईस्क्रीमच्या फिरकीला बर्फ तीन भाग, जाडं मीठ एक भाग. मीठ जास्त झालं तर कडेचं पटकन गोठून खरखरीत होतं, कमी झालं तर तासभर दांडा फिरवूनही दूधच. बादलीच्या बाजूचं भोक तुंबलं की खारट पाणी झाकणावरून डब्यात, आणि सगळी साय गटारात. हा बर्फ हिवाळ्यात तळ्यातून कापून लाकडाच्या भुशात ठेवलेला, तो बर्फवाल्याकडून घ्यायचा.

‘मैलभर सेंट’ ही टूम जास्त प्रामाणिक. नाणी एकाला एक चिकटवत मैल पुरा करायचा. अमेरिकी सेंट पाऊण इंचाचा: फुटाला १६, मैलाला ८४,४८०, म्हणजे ८४४ डॉलर ८० सेंट. कॅनडाचा जुना मोठा सेंट एक इंचाचा (१९२० पर्यंत): मैलाला ६३,३६०, म्हणजे ६३३ डॉलर ६० सेंट. ओंटारिओच्या मंडळीने अमेरिकी आकडा धरून अंदाजपत्रक केलं तर मैल पुरा होऊनही २११ डॉलर कमी पडणार.

रोजकीर्द

मोजपट्टी, कोंबडीची किंमत वहीत नाही हे खरं. पण त्या बाईच्या हातात रोख रक्कम कुठे होती? लोणी आणि अंडी हेच तिचं चलन. दुहेरी पाकीट नवऱ्याच्या खिशातून भरायचं. जेवणावळीत तिच्या वस्तूचे पैसे होतात आणि ते कशावर खर्चायचे हे ती आणि तिच्या मैत्रिणी ठरवतात. पाळक चिडायचे त्यामागे हेही असणार.

कृष्णाकाठ

या गावांतून नाणी आपल्याकडेही आली म्हणून लिहितो. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं काम कोल्हापूर, सांगली, मिरज पट्ट्यात; कॅनडाच्या प्रेस्बिटेरियनांचं १८७७ पासून इंदूरला. मिरजेचं रुग्णालय १८९४ मध्ये उभं करणारे डॉ. विल्यम वॉन्लेस मूळचे ओंटारिओचेच. घरोघरी पुठ्ठ्याच्या छोट्या दानपेट्या असत, बायकांची मिशन मंडळं त्या वर्षातून ठरावीक वेळी उघडत. ज्या घरातून मिरजेच्या शस्त्रक्रियेला पैसे जात होते, त्याच घराला स्वतःच्या गावात दवाखाना नव्हता. डॉक्टर गावाबाहेर यायचा तर मैलामागे वेगळा आकार. अशा ठिकाणी बाटली हीच आरोग्यसेवा. काचबाटली यांचा ‘दुटप्पीपणा’ मला म्हणून पटत नाही.

आणि आपण हसण्याआधी: आसव-अरिष्टात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल साधारण ५ ते १० टक्के असतंच. मुंबई राज्याने १९४९ च्या दारूबंदी कायद्यात अल्कोहोलयुक्त औषधंही ओढली, तेव्हा १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेवढा भाग रद्द केला.

काचबाटली

गरज होती हे मान्य. पण ‘माहीत नव्हतं’ ही सबब १९०७ नंतर चालत नाही. ३० जून १९०६ चा अमेरिकी कायदा १ जानेवारी १९०७ पासून लागू झाला, आणि अल्कोहोल, अफू, मॉर्फिन, कोकेन किती ते लेबलवर छापणं भाग पडलं. पिंकहॅमच्या बाटलीवर ‘१८ टक्के अल्कोहोल, केवळ द्रावक आणि टिकाऊपणासाठी’ असं छापून आलं. तरी ती विकली जातच राहिली, दारूबंदीवाल्या घरांतही.

खलबत्ता

सरकारी दट्ट्याने परिणाम झाला, पण तुम्हाला हवा तसा नाही. पेरुनाचं बघा. करखात्याने सांगितलं, यात औषध वाढवा नाहीतर दारूचा परवाना घ्या. पेरुना बनवणाऱ्या हार्टमनने त्यात जुलाबाची द्रव्यं घातली. औषध म्हणून चमचाभर घेणाऱ्याला फार फरक पडला नाही. बाटलीभर पिणाऱ्याची मात्र पळापळ.

छापखाना

आणि काचबाटली, तुमची १९०७ ची रेघ ओंटारिओला लागू नाही. कॅनडाचा कायदा १९०८ चा. त्यात नोंदणी आली, कोकेनवर बंदी आली, द्रावक म्हणून लागेल त्याहून जास्त अल्कोहोलला मनाई आली. पण कृती गुप्त ठेवता येत होती. ब्रॉकव्हिलची गोळी घेणारी बाई १९१० मध्येही डबी वाचून ‘यात लोह आहे’ एवढं ओळखू शकत नव्हती. तिला दुटप्पी म्हणायचं असेल तर आधी तिने काय वाचलं असतं ते दाखवा.