लंडनचा हीथ्रो विमानतळ ते लॉस एंजेलिस: अंतर एकच, मग जाण्या-येण्याच्या वेळेत एवढा फरक का?

प्रश्न
या मार्गाचं अंतर साधारण ८,७८० किमी दाखवतात. समजा ११:०० ला निघालो तर १४:१५ ला पोहोच, आणि येताना १७:०० ला निघून दुसऱ्या दिवशी ११:२०. म्हणजे एकदा सव्वातीन तास, एकदा अठरा तास वीस मिनिटं? अंतरावरून खरा वेळ कसा काढायचा?

उत्तर १
आधी घड्याळं एक करा. तिकिटावर निघण्याची आणि पोहोचण्याची, दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. लॉस एंजेलिस लंडनच्या ८ तास मागे आहे, म्हणून तिथले १४:१५ म्हणजे लंडनचे २२:१५. प्रवास सव्वाअकरा तासांचा. येतानाच्या १८:२० मधून ८ वजा केले की १०:२० उरतात. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरीस आठवडाभर हा फरक ७ तासच असतो, कारण दोन्ही देश घड्याळं वेगवेगळ्या रविवारी बदलतात. त्या दिवसांत हमखास गोंधळ होतो.

उत्तर २
उरलेला तासाभराचा फरक वाऱ्याचा. जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते. जाताना ती अंगावर येते, येताना पाठीशी असते. हिशोब असा: प्रत्यक्ष मार्ग थोडा वळसा घेतो, म्हणून अंतरात ३ टक्के वाढवून ९,०४० किमी धरा. हवेतला वेग ताशी ९००, वारा सरासरी ६०. जाताना ९,०४० भागिले ८४० म्हणजे पावणेअकरा तास; येताना भागिले ९६०, म्हणजे ९ तास २५ मिनिटं. त्यात विमानाचं जमिनीवरून सरकणं (टॅक्सी), चढण आणि उतरण यांची ४० मिनिटं मिळवा. वेळापत्रकातला वेळ गेटपासून गेटपर्यंतचा असतो. हीच ४० मिनिटं लोक विसरतात.

प्रश्नकर्ता
आभार, आता उलगडलं. पण स्प्रेडशीटमध्ये दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घालून गोलावरचं अंतर काढायच्या सूत्राने अंतर ८,८०७ आलं.

उत्तर ३
लॉस एंजेलिसच्या रेखांशाचं उणे चिन्ह राहिलं असणार. −११८.४१ हवं; नुसतं ११८.४१ घातलं की तो बिंदू थेट पूर्व चीनमध्ये जातो. लंडन शून्य रेखांशाला खेटून असल्यामुळे उत्तर फारसं हलत नाही आणि चूक लक्षातच येत नाही, हे फार वाईट. (दोन्ही ठिकाणची चिन्हं गाळली तर उत्तर बरोबरच येतं!) चिन्ह दुरुस्त केल्यावर दोन्ही ठिकाणांमधला पृथ्वीच्या केंद्राशी होणारा कोन ७८.७८ अंश येईल, अंशाला १११.२ किमी धरून ८,७६०. ८,७८० पर्यंतचे उरलेले २० किमी पृथ्वी ध्रुवांशी चपटी असल्याचे, सूत्र तिला पूर्ण गोल मानतं. शीटमध्ये कोन अंशांत नाही, रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक) द्यायला विसरू नका.

आणि मार्ग नकाशावर पट्टी ठेवून ठरवू नका. सर्वांत जवळची वाट ५१ अंश अक्षांशावरून निघून ग्रीनलंडच्या दक्षिण भागावर ६२ अंशांपर्यंत चढते आणि मग खाली उतरते. पृथ्वीगोलावर दोरा ताणला की तो नेमका तिथूनच जातो.