टीबीची दोन वेळा औषधे झाली, तरी दम थांबत नाही. खाणीतल्या धुळीचा आजार कागदावर कसा आणावा?

मन्याडकाठ:
नमस्कार मंडळी. मी मुखेड तालुक्यातला असून प्रश्न माझ्या थोरल्या भावाविषयी आहे. दादा विशीत असताना गावाजवळच्या खडी क्रशरवर कामाला लागला, पुढे मुकादमाबरोबर करीमनगरकडच्या ग्रॅनाइटच्या खाणींत आठ-नऊ वर्षे ड्रिल मशीन चालवले, आणि त्यानंतर चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सिमेंट कारखान्यात ठेकेदारामार्फत पॅकिंगच्या व गाड्या भरण्याच्या कामावर राहिला. आता तो सत्तेचाळीस वर्षांचा आहे आणि शेतातून घरी येताना चढावर दोनदा बसतो. थुंकीच्या तपासणीत एकदाही जंतू सापडले नाहीत, तरीही छातीचा फोटो पाहून त्याला टीबीची औषधे दोन वेळा देण्यात आली. वजन थोडे वाढले, पण दम तसाच आहे. केस पेपरवर व्यवसायाच्या रकान्यात ‘शेती’ असे लिहिलेले आहे, कारण आमच्या नावावर दीड एकर जमीन आहे आणि तुम्ही पूर्वी काय करत होता, हे कोणी विचारलेच नाही. ठेकेदाराचे म्हणणे असे की टीबी हा घरचा आजार आहे, कामाचा त्याच्याशी संबंध नाही. हा आजार सिमेंटमुळे झाला असेल का, आणि नुकसानभरपाई मागता येते का?

पॅकिंगवाला:
मीही काही वर्षे पॅकिंगला होतो. सिमेंट छातीत जाऊन घामाने आणि ओलाव्याने घट्ट होते, असे आमच्याकडे सगळेच सांगत. संध्याकाळी मुकादम गुळाचा खडा वाटायचा, म्हणजे धूळ खाली उतरते. दादांच्या हातांना भेगा आणि खाज आहे का? आमच्यात अनेकांना होती.

माजी माइन फोरमन:
गूळ घशातून पोटात जातो आणि त्रास देणारी धूळ श्वासाबरोबर फुप्फुसाच्या टोकापर्यंत जाऊन बसते. या दोघांची भेट कुठेच होत नाही. रुमालाचेही तेच आहे. जी धूळ डोळ्यांना दिसते, ती रुमालाने बऱ्यापैकी अडते. परंतु खरी घातक धूळ पाच मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक असते आणि ती सुती कापडातून सहज आत जाते. गूळ वाटणे मालकाला परवडते, ड्रिलला पाण्याची लाईन जोडणे जिवावर येते, असे माझे स्पष्ट मत आहे.

सिमेंटला दोष देण्यापूर्वी दादांनी कोणता दगड फोडला, ते पाहावे. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे आणि त्यात मोकळी सिलिका, म्हणजे गारेतला फुप्फुसांना घातक घटक, फारच कमी असते. त्या क्रशरवर काम करणाऱ्याला खोकला आणि दमा होऊ शकतो, पण सिलिकोसिसचा, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचा, धोका तुलनेने कमी असतो. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला देगलूर, बिलोली, मुखेडकडे मात्र हा थर संपून खालचा ग्रॅनाइट वर येतो, आणि तोच पुढे तेलंगणात सर्वत्र आहे. ग्रॅनाइटमध्ये साधारण पाव हिस्सा किंवा त्याहून अधिक गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा असतो. त्यामुळे गावाजवळचा क्रशर काळ्या दगडाचा होता की ग्रॅनाइटचा, हेसुद्धा विचारून घ्या. करीमनगरला कोरडे ड्रिल चालवलेली वर्षे, हाच माझ्या दृष्टीने मुख्य संशयित आहे. तयार सिमेंटमध्ये मोकळी सिलिका नगण्य असते. ती भट्टीत साधारण १४५० अंश सेल्सिअसला चुन्याशी संयोग पावून गेलेली असते. छातीत सिमेंट गोठते, ही समजूतही खरी नाही. कारखान्यातले धोके वेगळे आहेत: चालू पट्ट्यात हात सापडणे, भट्टीआधी माल तापवणाऱ्या प्रीहीटरमधला साचलेला गरम माल अंगावर येणे, सिमेंट साठवण्याच्या सायलोत उतरलेला माणूस मालाखाली गाडला जाणे. त्यांची नोंद अपघात म्हणून तरी होते. छातीच्या आजाराची होत नाही, कारण तो प्रकट होईपर्यंत माणूस काम सोडून गावी आलेला असतो.

बालाघाटी डॉक्टर:
वरील प्रतिसादाशी सहमत आहे. सिलिकोसिस सहसा दहा किंवा अधिक वर्षांच्या संपर्कानंतर दिसतो, धूळ फार दाट असेल तर पाच-दहा वर्षांतही दिसतो, आणि काम सोडल्यावरही वाढत राहतो. फोटोत फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक गोल ठिपके दिसतात, जे टीबीतही दिसू शकतात. म्हणून व्यवसाय विचारला नाही तर चूक होणे अगदी सोपे असते. पण याचा अर्थ टीबी नव्हताच, असा काढू नये. सिलिकाचे कण जंतू खाणाऱ्या पेशींनाच निकामी करतात, त्यामुळे अशा कामगाराला टीबी होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते आणि दोन्ही आजार एकाच छातीत नांदू शकतात. ‘टीबी आहे, म्हणजे कामाचा आजार नाही’ हे ठेकेदाराचे तर्कशास्त्र त्यामुळे उलटे ठरते.

दादांना एखाद्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या छातीविकार विभागात न्यावे. तुम्हाला नांदेडचे विष्णुपुरी जवळ पडेल. जाताना सर्व जुने फोटो, अगदी पहिल्या वर्षापासूनचे, बरोबर न्यावेत, कारण ठिपके वर्षानुवर्षे जागचे हलत नाहीत की वाढत गेले, हे एका फोटोवरून कळत नाही. श्वासाची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री आणि गरजेनुसार सीटी स्कॅन करावे लागेल. आजार बरा करणारे औषध आज उपलब्ध नाही, हे मला सांगितलेच पाहिजे. मात्र धुळीपासून आणि बिडीपासून कायमचे दूर राहणे, टीबीवर लक्ष ठेवणे आणि श्वासाचे व्यायाम यांनी फरक पडतो. सर्वांत आधी एक कोरा कागद घ्या आणि कोणत्या वर्षी, कोणत्या ठिकाणी, कोणता दगड, ड्रिल कोरडे की ओले, हे सगळे दादांच्या तोंडून लिहून काढा. तो कागद केस पेपरला लावून घ्या आणि व्यवसायाच्या रकान्यातली ‘शेती’ डॉक्टरांकडून दुरुस्त करून घ्या.

हातांच्या भेगांबद्दल विचारले आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ओले सिमेंट अतिशय क्षारयुक्त असल्याने त्वचा भाजते, आणि त्यातल्या क्रोमियममुळे काहींना कायमची ॲलर्जी होते. तोही कामाचाच आजार आहे.

कामगार वकील:
दाव्याविषयी सांगतो. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ च्या तिसऱ्या परिशिष्टात सिलिकोसिस व्यावसायिक आजार म्हणून नमूद आहे. असा आजार एकाहून अधिक मालकांकडे काम केल्यामुळे झाला असेल, तर भरपाईची जबाबदारी त्यांच्यात वाटून देण्याची तरतूद कलम ३ मध्ये आहे. म्हणून ‘माझ्याकडे थोडीच वर्षे होता’ या उत्तराने मालक सुटत नाही. ठेकेदारामागे लपलेल्या मुख्य मालकालाही कलम १२ नुसार जबाबदार धरता येते. खाण तेलंगणात असली, तरी दावेदार राहतो त्या भागातल्या नुकसानभरपाई आयुक्तांकडे कलम २१ नुसार दावा दाखल करता येतो, त्यामुळे करीमनगरला खेटे घालण्याची गरज नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. दादांचा त्रास त्यापूर्वीचा असल्याने दावा जुन्या कायद्यावर बसतो की संहितेवर, हे कागद पाहून ठरवावे लागेल.

दादांच्या कामाच्या काळात दगडखाण ही खाण कायदा १९५२ खाली येत होती आणि कामावर घेताना व पुढे दर पाच वर्षांनी वैद्यकीय तपासणी करून घेण्याचे बंधन मालकावर होते. ती झाली असेल, तर दादांचा ‘फॉर्म ओ’, म्हणजे त्या तपासणीचा दाखला, कुठेतरी असायला हवा. झाली नसेल, तर तोही मालकाविरुद्धचा मुद्दा आहे. लेखी मागणी रजिस्टर्ड पोस्टाने करावी आणि पावती जपून ठेवावी.

मन्याडकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री दादाला विचारले. ड्रिल कोरडेच होते, पाणी फक्त पाहणीला साहेब आले की सोडायचे, असे तो म्हणाला. तपासणी कधी झाली नाही. हजेरी मुकादमाच्या वहीत असायची, मुकादम आता हयात नाहीत. मात्र त्याच टोळीतली आमच्या गावची आणि शेजारच्या तांड्यावरची माणसे आहेत, आणि त्यांतल्या दोघांना हाच त्रास आहे. शेवटची शंका अशी की दावा दाखल करायला दोन वर्षांची मुदत असते म्हणतात, ती निघून गेली असेल का?

कामगार वकील:
आजाराच्या बाबतीत, त्या आजारामुळे कामावर सलग गैरहजर राहावे लागले त्याच्या पहिल्या दिवसापासून मुदत मोजली जाते, आणि योग्य कारण असेल तर उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. निदानच चुकीच्या नावाने झाले, हे कारण मांडता येते. त्या दोघांचीही तपासणी दादांबरोबर करून घ्या आणि तिघांचे जबाब एकमेकांच्या दाव्यात साक्ष म्हणून जोडा. मुकादमाची वही नसेल, तर खाणीवर काम केल्याचा तोच तुमचा मुख्य पुरावा राहील.