इसलिन हे गाव आहे की नाही?

ओकट्रीकर
मामा तलाठी म्हणून निवृत्त झालेत. परवा इथे न्यू जर्सीतल्या इसलिनमध्ये ओक ट्री रोडवर जिलबी खाता खाता विचारतात, “इथला सरपंच कोण?” म्हटलं, इसलिनला सरपंचच नाही. मेयर वुडब्रिज टाउनशिपचा, प्रॉपर्टी टॅक्सही तिकडेच भरायचा. न्यू जर्सीत ५६४ नगरपालिका आहेत आणि राज्यातली इंच न् इंच जमीन त्यातल्या कुठल्या ना कुठल्या हद्दीत येतेच. मग इसलिनला ‘अनइन्कॉर्पोरेटेड कम्युनिटी’, म्हणजे नगरपालिकेबाहेरची वस्ती, का म्हणायचं? हा तर वुडब्रिजचा एक भाग. वॉर्डाला कोणी गाव म्हणतं का?

कोलंबियावाली
खरी अनइन्कॉर्पोरेटेड वस्ती बघायची तर आमच्या मेरीलँडला या. कोलंबियात २०२० च्या जनगणनेत लाखाच्या वर माणसं, आणि तरी ना मेयर, ना नगरपालिका. शाळा नि पोलीस हॉवर्ड काउंटीचे, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखे. तळी आणि स्विमिंग पूल रहिवाशांच्या असोसिएशनचे, त्याची वर्षाची वर्गणी वेगळी मोजतो आम्ही. तुम्हाला खड्डा बुजवायला टाउनशिप तरी आहे. एकाच नावाखाली दोघांना बसवू नका.

वाळवंटी_वऱ्हाडी
दोघंही शब्द चुकीचा वाचताय. ‘नगरपालिकेच्या बाहेर’ असा त्याचा अर्थच नाही, ‘स्वतःची नगरपालिका नाही’ एवढाच आहे. इसलिनला नाही, कोलंबियालाही नाही. संपलं. पुढचं ज्या त्या राज्याच्या कायद्यावर. आमच्या नेवाडात तर ‘अनइन्कॉर्पोरेटेड टाउन’ हा कायदेशीर दर्जाच आहे. लास वेगस स्ट्रिपचा बराचसा भाग ज्या पॅरडाइजमध्ये येतो, ते १९५० पासून तसंच टाउन आहे, कारभार क्लार्क काउंटीचा. लोक फोटो टाकतात ‘वेगसला आलो’ म्हणून, आणि पाय शहराच्या हद्दीला लागलेलेच नसतात!

ओकट्रीकर
म्हणजे एक शब्द, तीन राज्यांत तीन अर्थ. माझं तेच म्हणणं आहे. जनगणनावाले मोजणीच्या सोयीसाठी नकाशावर अशा वस्तीभोवती रेघ मारतात, त्या रेघेला कायद्यात काडीची किंमत नाही.

कोलंबियावाली
किंमत नाही कशी? पत्र ‘इसलिन ०८८३०’ लिहिलं की पोचतं ना?

ओकट्रीकर
पोस्टाचं सोडा, पिनकोडवरून कुठे गाव ठरतं? मामांना हे सगळं वाचून दाखवलं, वाटलं आपली बाजू घेतील. म्हणाले, “माझ्या सज्जात चार वाड्यांची मिळून एक ग्रुप ग्रामपंचायत होती. सरपंच एकच. पण वाडीच्या माणसाला ‘गाव कुठलं’ विचारलं, तर त्याने कधी पंचायतीचं नाव सांगितलं नाही.” आणि उरलेली जिलबी स्वतःकडे ओढून घेतली.